दादाचं रोजगार कार्ड



दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढली. त्यात माझी कॉलेजची दोन पुस्तकं निघाली. त्यातलं एक बाटलीबॉयचं अकाउंट्सचं. आमच्या वेळच्या प्रत्येक कॉमर्सवाल्याने हा ठोकळा खांद्यावर वाहिला आहे. पुस्तकाच्या मधोमध एक जाड, पिवळं पडलेलं कार्ड होतं. ते तिथे आहे हे मला माहीत होतं. पन्नासहून जास्त वर्षं माहीत होतं. कार्डाबद्दल पुढे सांगतो, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण बडोद्याच्या मराठी घरांत नोकरीची गोष्ट आजोबांपासूनच सुरू होते.

माझे आजोबा साताऱ्याकडून बडोद्याला आले ते मामाच्या भरवशावर. मामा सरकारच्या पागेत होता. सरकार म्हणजे अर्थात सयाजीराव महाराज. पोराला घोड्यामागे न लावता मामाने कलाभवनात घातलं. आज आपल्यातले पुष्कळजण कलाभवन म्हटलं की युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी एवढंच ओळखतात. १८९० साली महाराजांनी ते काढलं तेव्हा हेतू अगदी रोकडा होता: राज्यातल्या पोराला हाताचं काम यावं आणि त्यावर त्याचं पोट चालावं. प्रमुख म्हणून सुरतचे त्रिभुवनदास गज्जर आणले. हे स्वतः सुतार घराण्यातले आणि रसायनशास्त्रात पारंगत. शिक्षण देशी भाषेतून द्यावं हा त्यांचा हट्ट. रंगाई, यंत्रकाम, सुतारकाम, विणकाम, ड्रॉइंग असे विषय. आपले चित्रपटवाले दादासाहेब फाळके जे. जे. मधून निघाल्यावर इथे येऊन फोटोग्राफी शिकले, हे फार थोड्या बडोदेकरांना माहीत असतं.

गज्जरांची एक गंमत सांगायची राहू नये. पुढे ते मुंबईला गेले. चाफेकर बंधूंनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, ते काही केल्या निघेना, तेव्हा ते काढून दाखवलं ते याच गज्जरांनी. आमचे आजोबा हे सांगताना जरा चुळबुळत. गुरूचा अभिमान वाटावा की चाफेकरांचा, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

१९०७ मध्ये बडोद्यात अलेंबिक सुरू झालं, त्यामागे गज्जरांचेच विद्यार्थी होते, भाईलालभाई अमीन आणि आपले मराठी कोटीभास्कर. म्हणजे पोरांना शिकवलं आणि त्याच पोरांनी पुढे दुसऱ्यांना नोकऱ्या दिल्या. आमचे आजोबा तेवढे मोठे झाले नाहीत. गोयागेटच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं कलाभवनाचं सर्टिफिकेट चौकटीत लावून दांडियाबाजारच्या वाड्यात देवघराशेजारी टांगलेलं होतं. माझ्या मते चुकीच्या ठिकाणी नव्हतं.

वडील हुजूर कचेरीत कारकून. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि वडील एका रात्रीत मुंबई सरकारचे नोकर झाले. आणखी ११ वर्षांनी, १ मे १९६० ला, तेच टेबल, तीच खुर्ची, आणि सरकार गुजरातचं. वडिलांना त्याचं काही वाटलं नाही. संस्थानचा कारभार पुष्कळसा गुजरातीतच चाले. महाराजांनी १९३१ मध्ये आठ भाषांतल्या राज्यकारभाराच्या शब्दांचा कोशच छापला होता, सयाजी शासनशब्दकल्पतरु, तो वडिलांच्या टेबलावर असे. वडील घरी मराठी बोलत, कचेरीत गुजराती लिहीत आणि वरच्या साहेबाला इंग्रजीत उत्तर देत. अडचण झाली ती आमच्या पिढीची. आम्ही मराठी शाळेत शिकलो, गुजराती ओटल्यावर आणि पतंग उडवताना शिकलो. बोलायला फर्मास, पण लिहायला बसलं की जोडाक्षराला पेन अडायचं.

माझा मोठा भाऊ, दादा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. १९६१ ला मॅट्रिक झाला आणि वडिलांनी त्याचा हात धरून रोजगार कचेरीत नेलं.

या कचेऱ्या कुठून आल्या तेही सांगतो, मला हे बँकेत आल्यावर वाचून कळलं. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा सरकारला चिंता पडली की पलटणीतून सुटणाऱ्या लाखो जवानांना आणि युद्धाच्या कारखान्यांतल्या कामगारांना लावायचं कुठे. म्हणून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय उभं राहिलं. फाळणी झाली आणि त्याच खिडक्यांसमोर निर्वासित उभे राहिले. १९४८ पासून खिडकी सगळ्यांना खुली झाली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, तीच आजची आयटीआय. १९५२ साली नेमलेल्या बी. शिवा राव यांच्या समितीने सांगितलं की रोजचा कारभार राज्यांकडे द्या, तो १ नोव्हेंबर १९५६ पासून दिला गेला. आणि मग आला १९५९ चा कायदा. सरकारी कचेऱ्यांनी आणि २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कारखान्यांनी रिकाम्या जागा रोजगार कचेरीला कळवल्याच पाहिजेत. न कळवल्यास दंड, पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,००० पर्यंत. हा कायदा लागू झाला तोही १ मे १९६० ला. आमचं राज्य आणि हा कायदा जुळी भावंडं म्हणायची.

यातली मेख अशी की कायद्यात ‘कळवा’ एवढंच होतं. ‘यांच्यातूनच घ्या’ असं कुठेही नव्हतं. ही मेख दांडियाबाजारात कुणालाच माहीत नव्हती. आमच्या लेखी नाव नोंदवलं म्हणजे रांगेत उभं राहिलं, आणि रांग म्हणजे कधी ना कधी नंबर येणारच.

दादाला इंग्रजी टायपिंग येत होतं, मिनिटाला ४० शब्द. शिवाय हौसेने मराठी टायपिंगही केलं होतं. खिडकीवरच्या कारकुनाने दोन्ही लिहून घेतलं, मराठी लिहिताना जरा थांबला आणि हसून म्हणाला, “भाई, आ अहिंया कोण वापरशे?” तरी लिहिलं बिचाऱ्याने. माणूस भला होता. आत ठेवायचं कार्ड एक्स-१ आणि आपल्या हातात मिळतं ते एक्स-१०. त्यावर नोंदणीचा नंबर, नोंदणीची तारीख, कामाचा सांकेतिक आकडा, आणि खाली नूतनीकरणाचे शिक्के मारायला रकाने. मुदत संपायच्या आत शिक्का मारून घ्यायचा. चुकलं तर नाव कमी, आणि परत नोंदवलं तर ज्येष्ठता नव्या तारखेपासून. दादाच्या शर्टाच्या खिशात ते कार्ड असायचं. देवाला जाताना सुद्धा.

सात वर्षांत दोन कॉल आले. पहिल्यात एका जागेला २० जणांना बोलावलेलं. दुसऱ्यात मुलाखत गुजराती लेखी चाचणीने झाली. दादा बाहेर येऊन म्हणाला, “पेपर बरा गेला, अक्षर वाईट गेलं.” त्या सात वर्षांत बडोद्याच्या भोवती काय काय उभं राहिलं! कोयलीची रिफायनरी १९६५ ला सुरू झाली, बाजव्याला खताचा कारखाना, मग १९६९ मध्ये आयपीसीएल. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या मुलं भरून जात, आणि आमचा दादा ओटल्यावर उभा राहून त्या जाताना बघत असे. अधूनमधून कुठे महिना-दोन महिन्यांची हंगामी टायपिस्टची कामं, ती काय ती मिळत.

आता ते १९६८ साल. वडील आजारी होते, सयाजी हॉस्पिटलात. दादा रात्रंदिवस तिथे. नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली. तेव्हा कार्ड टपालानेही पाठवता येत असे, परतीचा तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडून. दादाने सगळं तयार करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “आज टाक. विसरू नकोस.”

मी कॉलेजला निघालो होतो. लिफाफ्याला घडी पडू नये म्हणून बाटलीबॉयमध्ये ठेवला. सेकंड इयरची परीक्षा डोक्यावर होती, संध्याकाळी वडिलांची तब्येत जास्त झाली, आणि मंडळी, ते माझ्या मनातून साफ गेलं. दोन दिवसांनी दादाने विचारलं, “टाकलंस?” मी म्हणालो, “टाकलं.” खोटं बोलायचं म्हणून नव्हे. मला तेव्हा खरंच वाटलं की टाकलं असणार.

दीड-दोन महिन्यांनी, वडील गेल्यानंतर, पुस्तक उघडलं तेव्हा लिफाफा समोर आला. मुदत उलटून गेली होती. दादा एव्हाना कचेरीत जाऊन आला होता. तिथे म्हणाले कार्ड आलंच नाही, नवी नोंदणी करा. त्याने केली. १९६१ ची तारीख गेली, १९६८ ची आली. तो घरी येऊन आईला म्हणाला, “टपालात गहाळ झालं.” मी शेजारच्या खोलीत होतो. मी बाहेर गेलो नाही. लिफाफा फाडून टाकला, कार्ड मात्र फाडवेना, ते परत पुस्तकात ठेवलं.

१९७० च्या सुमारास एका मोठ्या सरकारी कारखान्यात टायपिस्ट-क्लार्कची भरती निघाली. रोजगार कचेरीने ज्येष्ठतेप्रमाणे नावं पाठवली. दादाच्या बरोबरीच्या एका मित्राला, ज्याची नोंदणी १९६३ ची होती, कॉल आला. तो लागला. पुढे ऑफिस सुपरिंटेंडेंट होऊन निवृत्त झाला, कारेलीबागेत बंगला बांधला. दादा असता तर लागलाच असता असं मी म्हणत नाही. अक्षराची भानगड होतीच. पण रांगेत तो त्याच्या पुढे होता एवढं नक्की.

मी १९७१ ला बी.कॉम. झालो आणि दुसऱ्या वर्षी बँकेत लागलो. रोजगार कचेरीतून नव्हे, वर्तमानपत्रातली जाहिरात बघून अर्ज केला, परीक्षा दिली. राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा भराभर निघत होत्या, पोरं हवीच होती. पहिल्या पगारातून दादासाठी शर्टपीस आणला. त्याने तो बरीच वर्षं वापरला. सांगण्यासारखं त्यात काही नाही, पण मला तो शर्ट अजून दिसतो.

दादाने मग वाट बघणं सोडलं. गुजराती कीबोर्ड शिकला, जुनं मशीन हप्त्याने घेतलं आणि न्यायमंदिराबाहेर बसायला लागला. भाडेकरार, अर्ज, सोगंदनामे. ज्याचं अक्षर वाईट म्हणून गेलं, तो पुढे तीस वर्षं बडोद्याच्या वकिलांचं गुजराती टाइप करत होता, आणि काना-मात्रेची चूक दाखवा म्हणायचा. रोजगार कचेरीत नाव नोंदवायला निघालेली पोरंही दाखल्यांच्या नकला त्याच्याकडून करून घेत.

माझी आणि या विषयाची पुन्हा गाठ पडली १९८३ मध्ये. १५ ऑगस्टला इंदिराजींनी सुशिक्षित बेकारांसाठी स्वयंरोजगार योजना जाहीर केली. १८ ते ३५ वय, मॅट्रिक पास, २५ हजारांपर्यंत कर्ज, त्यात पाव हिस्सा सरकारी अनुदान, वेगळं तारण नको. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रात, तिथली समिती निवड करणार आणि यादी बँकेकडे. मी तेव्हा पादऱ्याला फील्ड ऑफिसर होतो. अर्ज गठ्ठ्यांनी आले. धंद्याच्या रकान्यात तीन-चारच शब्द: किराणा, रिक्षा, शिलाई, पिठाची गिरणी. पोराला काय येतं हे कुणी विचारलेलंच नसायचं. मार्चअखेरचं टार्गेट मात्र सगळ्यांनी विचारायचं.

एकदा मी तीन शिलाई दुकानांची तपासणी केली. पहिल्या दुकानातल्या मशीनचा नंबर डायरीत लिहिला, सवय म्हणून. तिसऱ्या दुकानात तोच नंबर. मशीन माझ्या आधी सायकलवरून पोचलं होतं. मी बोललो नाही, नंबर नुसता मोठ्याने वाचला. पोरगा रडायला लागला. बिल देणारा दुकानदार कमिशन खाऊन मोकळा, मशीन परत त्याच्याच दुकानात, आणि कर्ज पोराच्या नावावर. त्याला लबाड म्हणावं तर मला तो लबाड वाटला नाही. त्याला शिवताच येत नव्हतं, मशीनचं करणार काय? १९९० मध्ये ग्रामीण कर्जमाफी आली, तिचा फायदा किती लायकांना झाला आणि किती नालायकांना, हा वेगळा विषय आहे. वसुली मात्र त्यानंतर बसली ती बसलीच.

उलट एक मुलगी आठवते. तिने टायपिंग क्लाससाठी कर्ज मागितलं. समितीत कुणीतरी म्हणालं, गावात टायपिंग कोण शिकणार. मी फाईलवर अनुकूल शेरा मारला. खरं सांगतो, शेरा मारताना डोळ्यांसमोर दादा होता. तिच्या हप्त्याला कधी नोटीस काढावी लागली नाही.

दादाच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, गोरव्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. नंतर एका कारखान्यात वर्षभर ॲप्रेंटिस. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने मोठ्या कारखान्यांना शिकाऊ मुलं घ्यावीच लागतात, पण शिकल्यावर कामावर ठेवलंच पाहिजे असं बंधन नाही. वर्ष संपलं, प्रमाणपत्र मिळालं, घरी आला. घरी परत तोच प्रकार, ओटला आणि बसगाड्या. फरक एवढाच की पोराच्या हातात काम होतं, बाबाच्या हातात कार्ड होतं.

१९८९ ला त्याने याच योजनेतून मोटर रिवाइंडिंगच्या दुकानासाठी अर्ज केला. मी काका, त्यामुळे माझ्या शाखेत नियमाने चालणार नव्हतं. दुसऱ्या शाखेत गेला. मी तिथल्या साहेबांना एक शब्द बोललो नाही. बोलावंसं खूप वाटलं. पुतण्याला कर्ज मिळालं, मकरपुऱ्याला दुकान निघालं. पहिली दोन वर्षं दादा कोर्टातून सुटला की तिथे जाऊन बिलं टाइप करून द्यायचा. दुकान अजून आहे, आता त्याचा मुलगा बघतो.

रांगेचं पुढे काय झालं तेही लिहितो. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की १९५९ चा कायदा कुणालाही फक्त रोजगार कचेरीतूनच भरती करायला भाग पाडत नाही. १९९६ मध्ये आंध्रातल्या मलकापट्टणमच्या अबकारी खात्याच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की कचेरीकडून नावं मागवाच, पण वर्तमानपत्रांत आणि नोटीसबोर्डावरही जाहीर करा आणि जो अर्ज करेल त्याचाही विचार करा. निकाल न्याय्यच होता. ज्याला कचेरीचा पत्ता माहीत नाही त्याने काय पाप केलं? पण त्या दिवशी देशभरातल्या लाखो एक्स-१० कार्डांवरच्या तारखांची किंमत गेली. दादाने पेपरात बातमी वाचली तेव्हा मी समोर होतो. चष्मा पुसत तो म्हणाला, “घे. आता सगळेच एका तारखेचे.” त्या क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

२०१५ मध्ये नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आलं, नोंदणी मोबाईलवर गेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुना कायदा सामावला, रोजगार विनिमय केंद्राला आता करिअर सेंटर म्हणायचं. त्यातल्या त्यात मला पटलेली गोष्ट म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. कर्नाटकात उजिरे इथे १९८२ मध्ये धर्मस्थळच्या मंडळींनी दोन बँकांना बरोबर घेऊन तशी पहिली संस्था काढली, आणि २००९ नंतर जिल्ह्याजिल्ह्यात निघाल्या. आधी शिकवायचं, मग कर्ज. पादऱ्याच्या त्या पोराला हे आधी मिळालं असतं तर मशीन सायकलवरून फिरलं नसतं.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी कलाभवनाचं जुनं सर्टिफिकेट असेल त्यांनी कृपया फोटो टाकावा. आमच्या आजोबांचं वाडा विकताना वाळवीने खाल्लेलं निघालं, चौकट तेवढी राहिली.

दादा गेल्या वर्षी गेला. त्याला सांगायचं राहिलं ते राहिलं. हे लिहायच्या आधी वहिनीला सांगणं भाग होतं, कारण ती इथलं सगळं वाचते. परवा कार्ड घेऊन तिच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, अगदी ‘टाकलं’ म्हटलं तेही. ती बराच वेळ कार्डावरचे शिक्के बघत होती. मग म्हणाली, “भाऊजी, यात मराठी टायपिंग पण लिहिलंय की.” मी हो म्हणालो. तिने उठून कपाटातून दादाची फाईल काढली, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटमागे कार्ड सरकवलं आणि विचारलं, चहा साखरेचा करू की बिनसाखरेचा.